झाडाला मागची तहान आठवते का?

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे आधी बागेला ताण द्यायचा. पाणी तोडलं जातं, पानं पिवळी पडून गळतात, छाटणी होते, खतं पडतात आणि मग पहिलं पाणी सुटतं. थोड्याच दिवसांत नवी पालवी येते, कळी दिसू लागते. बागायतदाराला हे सगळं तोंडपाठ असतं. पण या बागांमध्ये आणखी एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. भगवा डाळिंबाची रोपं गुटी कलमाने नाहीतर टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या पेशी वाढवून करतात, त्यात बियांचा संबंधच येत नाही. एका झाडाच्या फांदीला मुळं फुटवून दुसरं झाड, त्याच्या फांदीपासून तिसरं. म्हणजे सांगोल्याच्या मुरमाड रानातलं भगव्याचं झाड आणि पंढरपूरच्या काळ्या रानातलं झाड यांचा डीएनए जवळपास एकच आहे. तरी दोघांची वाढ वेगळी, कळी निघण्याची वेळ वेगळी, आणि फळाचा आकारही वेगळा.

हा फरक कशामुळे पडतो असं विचारलं, की हल्ली लगेच 'एपिजेनेटिक्स' असं उत्तर मिळतं. मला वाटतं, इथे थोडं थांबायला हवं, कारण यातला बहुतेक फरक एपिजेनेटिक्सचा नाहीच. मुरमाड रानात ओल कमी टिकते म्हणून झाड तसं वागतं. तेच कलम काळ्या रानात लावलं असतं तर तिथल्यासारखं वाढलं असतं. एपिजेनेटिक्सचा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. कारण संपलं तरी परिणाम उरला का? तहान लागून गेली, पाणी मिळालं, जुन्या पेशी जाऊन नव्या आल्या, तरीही त्या नव्या पेशींत जुन्या तहानेची खूण आहे का? खूण आहे, आणि डीएनएची अक्षरं मात्र जशीच्या तशी आहेत, असं असेल तर ते एपिजेनेटिक्स. ही कसोटी हातात असली की या विषयावरच्या निम्म्या अतिशयोक्त दाव्यांचा निकाल जागच्या जागी लागतो.

ही खूण असते तरी कुठे?

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो मावतो साध्या डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात. मावावा म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचा एक गोळा, त्याभोवती १४७ अक्षरांचे जेमतेम पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा धागा आणि पुढे दुसरा गोळा. जिथे गुंडाळी घट्ट असते तिथलं जनुक वाचलं जात नाही. सैल असते तिथे पेशीची वाचणारी यंत्रणा पोचते. हिस्टोनांच्या शेपट्या या गोळ्यांतून बाहेर आलेल्या असतात. पेशीतली एन्झाइम्स त्यांवर छोटे रासायनिक गट बसवतात आणि काढतात. असिटिल गट बसला की गुंडाळी सहसा सैल होते. मिथिल गट बसला तर तो शेपटीच्या नेमक्या कुठल्या जागी बसला त्यावर जनुक बोलणार की गप्प बसणार हे ठरतं.

दुसरी खूण थेट डीएनएवर असते. त्याच्या चार अक्षरांपैकी 'सी' या अक्षरावर एक मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, येऊन बसतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात अशा खुणा दाटल्या की ते जनुक सहसा बंद पडतं. अक्षर 'सी' ते 'सी'च राहतं.

जॅकार्डच्या मागावर चादर विणताना पाहिली असेल त्याला हे चटकन उमजेल. ताण्याचे उभे धागे सगळे मागावर चढवलेलेच असतात. त्यातला कुठला धागा वर उचलला जाणार आणि कुठला खाली राहणार हे पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं ठरवतात. कार्डं बदला, त्याच ताण्यावर मोराऐवजी वेलबुट्टी उतरेल. फरक आहे तो असा, की कार्डाचं डिझाइन कारागीर आधी आखतो. पेशीत आखणारं कुणी नाही. ऊन, उपास, तहान, आजार यांचे रासायनिक निरोप पेशीपर्यंत येतात आणि त्यानुसार एन्झाइम्स काम करतात.

आता या खुणा 'आठवण' कशा ठरतात ते पाहू. पेशीची दोन होताना डीएनएची नवी प्रत तयार होते. डीएनए दुपदरी असतो, आणि प्रत्येक प्रतीत एक बाजू जुनी, एक नवी असते. जुन्या बाजूवर मिथिल खूण असते, नव्या बाजूवर नसते. एक खास एन्झाइम अशा अर्धवट जागा शोधून नव्या बाजूवरही खूण करतं. असं काहीतरी घडत असावं हे १९७५ मध्ये रॉबिन हॉलिडे आणि जॉन प्यू यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे आर्थर रिग्ज यांनी मांडलं होतं. एन्झाइमचा पुरावा नंतर हाती आला. पेशीची दोन होते, आणि खूण तिच्या लेकींकडे जाते.

या यंत्रणेचं मूळ काम हवामानाशी जुळवून घेणं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. यकृताची पेशी आणि डोळ्याच्या पडद्याची पेशी यांचा डीएनए एकच असतो. यकृताची पेशी आयुष्यभर यकृताचीच राहते ती या खुणांमुळे. कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये एपिजेनेटिक्सची कल्पना मांडली तीही एका अंड्यातून अख्खा प्राणी कसा घडतो या कोड्यासाठी. शरीर घडवायला लागणारी हीच यंत्रणा सजीव पुढे परिस्थितीची नोंद ठेवायलाही वापरतात.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्या बागांतच येऊन बसतं. डाळिंब फुलावर आलं की परागीभवनासाठी अनेक जण मेलिफेरा मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतात. त्या पेटीतली राणी आणि कामकरी माश्या यांच्या अळ्या सुरुवातीला सारख्याच असतात. राणी व्हायच्या अळीला शेवटपर्यंत भरपूर राजान्न (रॉयल जेली) मिळतं. बाकीच्या अळ्यांना पहिल्या काही दिवसांनंतर पराग आणि मधाचं खाणं सुरू होतं. तेवढ्यावर एक अंडी घालणारी, काही वर्षं जगणारी राणी होते, आणि दुसरी उन्हाळ्यात जेमतेम दीड महिना जगणारी कामकरी. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात रायझार्ड मालेश्का यांच्या गटाने अळ्यांमधलं डीएनएवर नवी मिथिल खूण बसवणारं एन्झाइम कमी केलं. त्यातल्या बहुतेक अळ्यांपासून पूर्ण वाढलेल्या अंडाशयाच्या, राणीसारख्या माश्या निघाल्या. जे काम आहार करतो, ते थेट खुणांची यंत्रणा हलवून करता आलं. आहारापासून शरीरापर्यंतची साखळी इतकी स्वच्छ दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत.

कासवांत हेच काम तापमान करतं. मत्स्यालयाच्या दुकानात दिसणाऱ्या लाल कानाच्या कासवाची अंडी २६ अंश सेल्सिअसला उबली तर नर होतात, ३२ अंशांना मादी. २०१८ मध्ये असं दिसलं, की थंड अंड्यांत हिस्टोनांवरची एक बंदी काढून टाकणारं एन्झाइम जास्त असतं आणि त्यामुळे नर घडवणारं जनुक उघडतं. ते एन्झाइम दाबलं तर थंड अंड्यांतूनही माद्या होतात. पृथ्वी तापत असताना कासवांच्या जाणकारांना काळजी का वाटते, हे यावरून कळतं.

पण आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न पाण्याचा आहे. झाडाला मागची तहान आठवते का?

आठवते, असं २०१२ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात झोया अव्रामोव्हा आणि मायकेल फ्रॉम यांच्या प्रयोगांत दिसलं. त्यांनी मोहरीच्या कुळातलं ॲराबिडॉप्सिस हे छोटं तण घेतलं. ते सुकवलं, पाणी देऊन टवटवीत केलं आणि पुन्हा सुकवलं. पहिल्या वेळी काही जनुकं नेहमीसारखी जागी झाली. दुसऱ्या वेळी त्यांतल्या काहींनी कितीतरी जास्त काम केलं, आणि पूर्वी सुकलेली झाडं नवख्या झाडांपेक्षा पाणी जास्त धरून राहिली. मधल्या टवटवीत काळात ही जनुकं शांत होती. पण त्यांच्या हिस्टोनांवरची 'उघडं ठेवा' अशी मिथिल खूण गेली नव्हती, आणि वाचणारं एन्झाइम जनुकाच्या तोंडाशी थांबून राहिलं होतं. पुन्हा तहान लागताच ते लगेच कामाला लागलं.

ही आठवण टिकली किती? साधारण आठवडाभर. झाडाला सलग पाणी मिळत राहिलं की खूण गेली.

आठवडाभरच, असं ऐकून थोडा हिरमोड होईल. मला मात्र यातच या विषयाचं मर्म दिसतं. आपल्याकडचा पाऊस बघा. मृगात एखादी सर पडून पावसाने उघडीप दिली, की पुढचे काही दिवसही कोरडेच जाण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी आठवडाभराची आठवण कामाची. पण एका वर्षी टँकर आणि पुढच्या वर्षी सीनेला पूर, हे सोलापूर जिल्ह्याने पाहिलेलं आहे. मागच्या वर्षीच्या तहानेची धास्ती घेऊन झाड यंदा पानांची रंध्रं मिटून बसलं, तर भरपूर ओल असूनही ते वाढणार नाही. रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, आणि अन्न तयार होत नाही. पुढचा काळ मागच्यासारखा असेल तिथे आठवण उपयोगी, नाहीतर विसरणंच उपयोगी. परिस्थितीशी जुळवून घेण्यात विसरण्याचाही मोठा वाटा असतो, आणि सजीवांनी विसरण्यासाठी खास यंत्रणा बाळगल्या आहेत.

थंड प्रदेशातला हिवाळी गहू याचं चांगलं उदाहरण आहे. तो शरदात पेरतात आणि कित्येक आठवड्यांची थंडी सोसल्यानंतरच तो फुलावर येतो. ॲराबिडॉप्सिसच्या अशाच जातींमध्ये यामागचं कारण उलगडलं. फुलोरा रोखून धरणारं एक जनुक असतं. थंडीत त्याच्या हिस्टोनांवर बंदीच्या खुणा हळूहळू साठत जातात आणि ते गप्प होतं. वसंतात ऊब आली तरी ते गप्पच राहतं, म्हणून झाड फुलतं. इथवर आठवण. मग बी धरताना, बियाच्या गर्भात, त्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. नव्या रोपाला पुन्हा स्वतःचा हिवाळा सोसावा लागतो. तसं नसतं तर हिवाळ्याच्या तोंडावर उगवलेलं रोप थंडी पडायच्या आधीच फुलून गेलं असतं.

हे पुसलं जाणं न मानल्याची फार मोठी किंमत एका देशाने मोजली आहे. सोव्हिएत संघात ट्रोफिम लायसेन्को यांनी बियाण्याला थंडी देऊन पेरण्याचा गाजावाजा केला, आणि पिकाला लागलेली ही सवय पुढच्या पिढ्यांत उतरते असं ठासून सांगितलं. सत्तेचा पाठिंबा मिळाल्यावर जनुकशास्त्रच खोटं ठरवलं गेलं. जगभर फिरून पिकांच्या वाणांचा प्रचंड संग्रह उभा करणारे निकोलाय वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली, आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. आज एपिजेनेटिक्सचं नाव घेऊन 'लायसेन्को शेवटी बरोबरच होते' असं लिहिलेलं वाचायला मिळतं. ते साफ चूक आहे. थंडीची खूण खरी, पण ती बियात पुसली जाते, आणि लायसेन्को यांचा दावा नेमका उलटा होता.

मग मालदांडी ज्वारी कोरड्याला इतकी कशी टिकते? ते मुख्यतः जनुकांचं काम आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हस्ताच्या पावसाची ओल जमिनीत साठते आणि रब्बी ज्वारी पुढे त्या ओलीवरच येते. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी त्यातली चांगली कणसं बियाण्याला राखून ठेवली. अशाच स्थानिक मालदांडीतून निवड करून मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला, आणि तो आजही पेरला जातो. यात डीएनएची अक्षरंच निवडली गेली, म्हणून ती पिढ्या बदलल्या तरी टिकून राहिली. रंध्रं काही मिनिटांत मिटतात, खुणा दिवसांचा किंवा एखाद्या हंगामाचा हिशेब ठेवतात, आणि अक्षरं शतकांचा. पिकाला या तिन्हींची गरज असते.

तरी खुणा प्रत्येक वेळी पुसल्या जातातच असंही नाही, विशेषतः वनस्पतींत. १७४४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी स्वीडनमधल्या लिनारिया या रानझाडाच्या एका चमत्कारिक फुलाचं वर्णन केलं. लिनारियाचं नेहमीचं फूल डावी-उजवी बाजू असलेलं, खालून एक शेपूट आलेलं असतं. हे फूल मात्र चहूबाजूंनी सारखं, पाच शेपट्यांचं होतं. लिनियस यांची वर्गवारीच फुलांच्या अवयवांवर उभी होती, त्यामुळे ते फार चकित झाले. तब्बल अडीचशे वर्षांनी, १९९९ मध्ये, एन्रिको कोएन यांच्या गटाने कारण शोधलं. फुलाला डावं-उजवं देणारं जनुक या झाडांत मिथिल खुणांनी दाटून बंद पडलं होतं. डीएनएच्या अक्षरांत त्या फरकाचं कारण सापडलं नाही. ही खूण बियांतून पुढच्या पिढीत जाते, आणि कधीकधी एखाद्या फांदीवर ती उतरली की तिथे पुन्हा साधं फूल येतं. अक्षर बिघडलं असतं तर ते इतक्या सहजी परत फिरलं नसतं.

प्राण्यांत, त्यातही सस्तन प्राण्यांत, पुसण्याचं काम फार कसून होतं. एकदा गर्भ राहिल्यावर लगेच, आणि दुसऱ्यांदा त्या गर्भात पुढच्या पिढीची बीजं तयार होताना. म्हणून माणसांबद्दलचे दावे तपासून घ्यावे लागतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भ राहिलेल्यांचं रक्त सहा दशकांनंतर तपासलं, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावरची मिथिल खूण त्यांच्या इतर भावंडांपेक्षा कमी आढळली. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे गर्भातल्या पहिल्या आठवड्यांतली उपासमार आयुष्यभर खूण ठेवू शकते. पण ती माणसं त्या दुष्काळात स्वतः होतीच, आईच्या पोटात. इतकंच काय, गरोदर बाईच्या पोटात मुलगी असेल तर त्या मुलीच्या अंडाशयातल्या पुढच्या बीजपेशीही तेव्हाच तयार होत असतात. म्हणजे आजी, आई आणि नात, तिघींनाही उपासमारीची झळ थेट लागलेली असते. खरोखर वारशाने उतरली असं म्हणायचं तर खूण पणतीत दिसायला हवी. आपल्या घरांतून बहात्तरच्या दुष्काळाच्या, सुकडीच्या आणि खडी फोडल्याच्या आठवणी अजून निघतात. त्या काळातल्या गर्भारपणांचा विचार मनात येणं साहजिक आहे. पण नेदरलँड्सचा निष्कर्ष उचलून 'आमच्या पिढीचा मधुमेह त्या दुष्काळातला' असं म्हणता येणार नाही. तिथला उपास काही महिन्यांचा होता, आणि आधी-नंतर ते लोक पोटभर जेवत होते. आपल्याकडची कमतरता वर्षानुवर्षांची होती.

इथल्या माणसांबद्दल जास्त नेमकं सांगतं ते पुण्याचं काम. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी पण फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. बी-१२ आणि फोलेट ही दोन्ही जीवनसत्त्वं शरीरात मिथिल गटांचा पुरवठा करणाऱ्या साखळीतले दुवे आहेत, आणि आपल्या शाकाहारी जेवणात बी-१२ची कमतरता सर्रास असते. यावरून खुणांचाच सगळा हात आहे असं सिद्ध होत नाही. पण गरोदरपणी फक्त लोह-फोलेटच्या गोळ्यांवर न थांबता बी-१२बद्दलही डॉक्टरांना विचारावं, एवढं नक्की म्हणता येतं. त्यासाठी पणतीपर्यंत थांबायची गरज नाही.

शेवटी पुन्हा रानात. उजनीच्या पाण्यावर करमाळा-माढ्याकडे केळीच्या बागा वाढल्या, त्यांतली बरीचशी रोपं टिश्यू कल्चरची आहेत. या तंत्राचा खुणांशी थेट संबंध आहे, आणि तो मलेशियाच्या पामतेलवाल्यांनी मोठा भुर्दंड सोसून शिकून घेतला. उत्तम तेलपामांची टिश्यू कल्चरने रोपं केली, लावली, वाढवली. काही वर्षांनंतर फळं धरली तेव्हा काही झाडांची फळं वेडीवाकडी निघाली, त्यांतून तेल मिळेना. डीएनएची अक्षरं तपासली तर ती मूळ झाडासारखीच. २०१५ मध्ये उलगडा झाला. फूल घडवणाऱ्या एका जनुकात 'कर्मा' नावाचा, एके काळी जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा अडकलेला आहे. मूळ झाडात तो मिथिल खुणांनी बंद केलेला असतो. काचेच्या बाटलीत, संप्रेरकांच्या द्रावणात पेशी वाढवताना काहींच्या त्या खुणा निघून गेल्या, आणि जनुक चुकीचं वाचलं जाऊ लागलं. आता नर्सरीतल्या लहान रोपाच्या पानावरूनच ही खूण आहे का ते तपासता येतं.

केळीत अशी बिघडलेली, विशेषतः खुजी राहिलेली रोपं येतात. त्यांत काही वेळा अक्षरं बदललेली असतात, काही वेळा खुणा. रोपांची शुद्धता पाहणाऱ्या नेहमीच्या चाचण्या अक्षरं वाचतात, त्यामुळे खुणांचा बिघाड त्यांत दिसत नाही. बाटलीतल्या पेशी पुन्हा पुन्हा वाटून वाढवत नेल्या की दोन्ही प्रकारचे बिघाड वाढत जातात. म्हणून रोपं बुक करताना भाव आणि पोच याबरोबर नर्सरीवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात. मातृझाड कुठल्या बागेतलं आणि किती वर्षं तपासलेलं आहे? आणि या रोपांच्या आधी प्रयोगशाळेत किती वेळा वाटणी झाली?